देश नंतर ठरवा, आधी वारा पाहा

वाचकांचे पत्र : आम्ही फोंड्याला राहतो. घरात यजमान, मी, चौदा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई अशी पाच माणसे आहोत. येत्या मे महिन्यात तीन आठवडे परदेशात समुद्राकाठी राहायचे ठरले आहे, परंतु कुठे जायचे यावर एकमत होत नाही. यजमान फुकेत म्हणतात, मुलगी बाली म्हणते, नणंद मालदीव सुचवते आणि लिस्बनला स्थायिक झालेले दीर पोर्तुगालला बोलावतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या पूर्ण शाकाहारी आहेत. घरापासून तासाभरावर समुद्र असताना विमानात बसून दुसऱ्याच्या समुद्राकडे कशाला जायचे, तेही मानकुराद आंब्याच्या दिवसांत, असे त्यांचे म्हणणे आहे. मुलाला पोहता येत नाही. पासपोर्ट सर्वांचे आहेत. चार वर्षांपूर्वी दुबईला गेलो तेव्हा एकदमच काढले होते. योग्य ठिकाण सुचवावे.
– फोंड्याच्या एक वाचक

सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरातील सर्वांत नेमका प्रश्न सासूबाईंनी विचारला आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. आपण गोव्याची माणसे समुद्राजवळ राहतो हे खरे, पण समुद्राकाठी राहतो असे फारच थोड्यांना म्हणता येईल. पाहुणे आले की त्यांना संध्याकाळी मिरामारला किंवा कोलव्याला फिरवून आणायचे, पाय भिजवायचे आणि भेळ खाऊन परतायचे, एवढाच आपला वर्षभराचा संबंध असतो. सकाळी उठून पाण्यात उतरायचे, दुपारी झोपायचे आणि पुन्हा वाळूवर जायचे, असे सलग वीस दिवस आपल्याच किनाऱ्यावर काढायला घरातली कामे, लग्नाची आमंत्रणे आणि मे महिन्यातली पर्यटकांची गर्दी सवड देत नाहीत. त्यामुळे दूर जाण्यात मला काही वावगे दिसत नाही. मानकुरादाची तक्रार मात्र रास्त आहे आणि तिचा विचार पुढे तारखा ठरवताना करू.

आता ठिकाणाविषयी. तुमच्या घरात चार देशांची नावे निघाली, पण मे महिन्यात तिथला समुद्र कसा असतो हे कोणी विचारलेले दिसत नाही. आपल्याकडे मेच्या उत्तरार्धात वारा नैऋत्येकडून जोर धरतो, लाटांचे रूप बदलते, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकल्या जातात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद राहते, आणि जुन्या माणसांच्या हिशेबाने नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याखेरीज समुद्रात जायचे नसते. हे सगळे आपल्या इतके अंगवळणी पडलेले आहे की जूनमध्ये कळंगुटला पोहायला जावे, असे आपल्यापैकी कोणाच्या स्वप्नातही येत नाही. परदेशाचे तिकीट काढताना मात्र हेच शहाणपण आपण घरी ठेवून जातो. प्रत्येक किनाऱ्याला आपली अशी एक नारळी पौर्णिमा असते, आणि एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांवर ती निरनिराळ्या महिन्यांत येते. म्हणून आधी महिना, मग किनारा आणि सर्वांत शेवटी देश, या क्रमाने विचार करावा.

या क्रमाने पाहिल्यास यजमानांचे फुकेत पहिल्याच फेरीत बाद होते. फुकेत आणि क्राबी ही ठिकाणे थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, अंदमानच्या समुद्राला तोंड करून आहेत, आणि जो नैऋत्य मान्सून जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे येतो तो अंदमानच्या समुद्रात मे महिन्यातच पोहोचलेला असतो. पातोंग, काता, कारोन या प्रसिद्ध किनाऱ्यांवर त्या दिवसांत लाल बावटे लागतात आणि माणसाला किनाऱ्यापासून आत समुद्रात ओढून नेणारे प्रवाह तयार होतात. जवळचे सिमिलान बेटांचे राष्ट्रीय उद्यान तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना बंदच असते. हे मी अनुभवाने सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रवास कंपनीने आम्हाला जूनमधली अशीच एक सहल ‘ऑफ सीझनची सवलत’ म्हणून विकली, आणि आठ दिवसांपैकी सात दिवस आम्ही हॉटेलच्या सज्ज्यातून लाल बावटा पाहत बसलो. सवलत कशाची होती ते तिथे गेल्यावर कळले. यजमानांचे मन थायलंडवरच असेल तर पूर्वेकडच्या आखातातील को सामुई बेटाचा विचार करावा. तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो आणि मे महिन्यात समुद्र बराच शांत असतो.

मालदीवविषयी थोडक्यात लिहितो. तिथेही मेपासून नैऋत्य मान्सून सुरू होतो, आणि पाऊस टळला असे गृहीत धरले तरी अर्ध्या तासात पायी प्रदक्षिणा पूर्ण होणाऱ्या बेटावर आठ वर्षांच्या मुलाला तीन आठवडे रमवणे कठीण आहे. मालदीव चार-पाच दिवसांच्या मुक्कामासाठी चांगले.

दिरांचे निमंत्रण प्रेमाचे आहे आणि नातेवाइकांकडे जाण्याचा आनंद वेगळाच, परंतु समुद्रस्नान हा सहलीचा हेतू असेल तर मे महिन्यातला पोर्तुगाल तुमच्या उपयोगाचा नाही. दक्षिणेकडच्या अल्गार्व्ह भागाचे किनारे देखणे आहेत, ऊनही छान असते, पण त्या दिवसांत अटलांटिकचे पाणी साधारण १७ अंशांचे असते, आणि आपल्या अठ्ठावीस-एकोणतीस अंशांच्या पाण्याला सरावलेल्या मुलांना त्यात दहा मिनिटेही उभे राहवणार नाही. शिवाय पोर्तुगालसह युरोपातील बहुतेक देशांसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे, आणि अर्ज नाकारला गेला तर ते परत मिळत नाही. लिस्बन, सिंत्रा आणि दिरांचे घर यांसाठी पुढे कधीतरी वेगळी सहल करावी.

मुलीची बाली मी सहजासहजी नाकारणार नाही. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि तिथला कोरडा हंगाम साधारण एप्रिल-मेपासून सुरू होतो, म्हणजे महिन्याच्या कसोटीवर ती पूर्ण उतरते. तीस दिवसांचा व्हिसा विमानतळावर मिळतो; त्यासाठी माणशी पाच लाख इंडोनेशियन रुपिया आणि त्याशिवाय २०२४ पासून लागू झालेली दीड लाख रुपियांची पर्यटक वर्गणी भरावी लागते. आकडे ऐकून दचकू नये, आपल्या रुपयांत ही रक्कम काही हजारांतच बसते. अडचण किनाऱ्याची आहे. मुलीने मोबाइलवर पाहिलेले कुता, चांगू आणि उलुवातू हे किनारे लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहेत, पोहता न येणाऱ्या मुलासाठी नव्हेत. शांत पाणी सानूरला मिळते, कारण तिथे प्रवाळाची भिंत लाटा बाहेरच अडवते. मात्र ओहोटीला तेच पाणी इतके उतरते की प्रवाळ उघडे पडतात आणि भरतीची वाट पाहत बसावे लागते. देवळांना पायऱ्या फार आहेत, आणि वीस किलोमीटरच्या रस्त्याला दीड-दोन तास लागणे तिथे नवलाचे नाही. सासूबाईंच्या जेवणातही एक गोम आहे : टोफू आणि सोयाबीन आंबवून केलेले टेंपे मुबलक मिळतात, पण त्यांच्याबरोबर येणाऱ्या सांबाल नावाच्या चटणीत बहुधा ‘तेरासी’ असते, आणि तेरासी म्हणजे आपल्या जवळ्यासारख्या बारीक कोळंबीची आंबवलेली पेस्ट. वाढणाऱ्या माणसाच्या मनात तो पदार्थ शाकाहारीच असतो. चौघांची सहल असती तर मी बालीच सुचवली असती.

तुम्हा पाचांसाठी माझी शिफारस मॉरिशसची आहे, आणि तीही तिथल्या वायव्य किंवा पश्चिम किनाऱ्याची. कारणे थोड्या विस्ताराने सांगतो.

मॉरिशस विषुववृत्ताच्या वीस अंश दक्षिणेला असल्यामुळे तिथले ऋतू आपल्या उलट आहेत. जोराचा पाऊस जानेवारी ते मार्चमध्ये होऊन जातो, वादळांचा हंगाम मेच्या मध्यापर्यंत संपतो आणि मे महिन्यात हिवाळ्याची चाहूल लागते, ज्याला तिथे हिवाळा म्हणतात तो आपल्या डिसेंबरसारखा असतो. किनाऱ्यावर दिवसाचे तापमान पंचविशीच्या आसपास आणि समुद्राचे पाणीही जवळपास तेवढेच. म्हणजे फोंड्याच्या घामातून तुमची सुटका होईल आणि मुलांना पाण्यात कुडकुडावेही लागणार नाही. बेटाभोवती सुमारे दीडशे किलोमीटर लांबीची प्रवाळभिंत आहे. मोठ्या लाटा त्या भिंतीवर फुटतात आणि आतल्या बाजूला उथळ, स्वच्छ, जवळजवळ तळ्यासारखे पाणी राहते. पोहता न येणारा मुलगा आणि गुडघे दुखणारी आजी या दोघांना एकाच वेळी कमरेइतक्या पाण्यात उभे राहता येईल, अशी जागा सहसा सापडत नाही. इथे ती मैलोन्‌मैल आहे.

तरीही इथेसुद्धा किनारा पाहूनच घर घ्यावे लागते. मेपासून पुढे आग्नेयेकडचे वारे वाढत जातात आणि ते थेट पूर्व किनाऱ्यावर येतात, त्यामुळे बेल मारची वाळू कितीही सुंदर असली तरी दुपारी ती डोळ्यांत जाते. दक्षिणेला ग्री ग्री येथे प्रवाळभिंत तुटलेली आहे. तिथे खडकावर उभे राहून लाटा पाहाव्यात, पाण्यात उतरू नये. वाऱ्याच्या आडोशाला असलेली त्रू ओ बिश आणि माँ श्वाझी ही वायव्येकडची गावे आणि पश्चिमेचे फ्लिक आँ फ्लाक यांतून एक निवडावे. माझा कल त्रू ओ बिशकडे आहे, कारण तिथे पाणी हळूहळू खोल होत जाते, आणि ग्राँ बे या गावाचा बाजार जवळ असला तरी त्याचा गोंगाट अंगावर येत नाही. किनाऱ्यावर आपल्यासारखीच सुरूची बने आहेत आणि रविवारी स्थानिक कुटुंबे डबे घेऊन त्यांच्या सावलीत येऊन बसतात. सासूबाईंना तो देखावा अनोळखी वाटणार नाही.

त्यांना अनोळखी न वाटण्यासारखे आणखीही पुष्कळ आहे. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर कामासाठी नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांत कोकणातून गेलेली मराठी माणसेही होती आणि त्यांचे वंशज आज तिथे मराठी मंडळे चालवतात. शाळांत मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि मोका येथील महाराष्ट्र भवनात २०२३ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. पोर्ट लुईच्या बंदरात ज्या पायऱ्यांवरून हे मजूर उतरले तो अप्रवासी घाट आता जागतिक वारसा स्थळ आहे. मुलीला तिथे अवश्य न्या. इतिहासाच्या पुस्तकात चार ओळींत आटोपलेली गोष्ट तिला तिथे जागेवर दिसेल. रस्त्याकडेला सर्वत्र मिळणारी ‘धोल पुरी’ म्हणजे शिजवून वाटलेली डाळ भरलेली मऊ पातळ पोळी. पुरणपोळीची ही तिखटाकडे वळलेली बहीण सासूबाईंना चालेल आणि मुलांना तर बहुधा रोज लागेल.

प्रवासही मानवेल असा आहे. मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांत पोहोचते, आणि घड्याळ फक्त दीड तास मागे करावे लागत असल्याने झोपेचे गणित बिघडत नाही. थेट विमान रोज असेलच असे नाही, म्हणून सुट्टीच्या तारखा विमानाच्या वारांप्रमाणे जुळवा, आणि मोपा किंवा दाबोळी विमानतळावरून मुंबई गाठताना मध्ये पुरेसे तास ठेवा; दोन वेगळी तिकिटे असतील तर पहिले विमान चुकल्यास दुसरी कंपनी तुमची वाट पाहत नाही. भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचा कागद आणि खर्चाची तरतूद विमानतळावर दाखवावी लागते. विमानतळावर पुढे नेण्यासाठी सासूबाईंच्या नावाने तिकिटातच चाकाची खुर्ची मागून घ्या. त्यांना त्यात कमीपणा वाटेल, पण रांगेत पाऊण तास उभे राहिल्यावर गुडघ्यांचे जे होते ते पुढचे चार दिवस निस्तरावे लागते.

राहण्यासाठी हॉटेलच्या दोन खोल्या घेऊ नयेत. तीन आठवड्यांसाठी स्वयंपाकघर, कपडे धुण्याचे यंत्र आणि तळमजल्यावर एक तरी शयनगृह असलेले घर भाड्याने घ्यावे, आणि सलग एकवीस दिवस घेतो असे सांगून भाड्यात सूट मागावी. मालक बहुधा देतात. मॉरिशस स्वस्त नाही. तिथला रुपया आपल्या रुपयाच्या जवळजवळ पावणेदोन ते दोन पट आहे आणि बराच माल बाहेरून येत असल्यामुळे वाणसामान महाग पडते. पण सकाळी पोहे किंवा उपमा, रात्री वरण-भात घरी झाला आणि एकच जेवण बाहेर घेतले तर खर्च आवाक्यात राहतो. कुकर आणि मसाल्याचा डबा सोबत न्या. ताजी फळे मात्र नेऊ नका. परवान्याशिवाय ती आत नेता येत नाहीत आणि तुमचा मानकुराद विमानतळावरच्या कचऱ्यात जाईल, जे सासूबाई कधीही विसरणार नाहीत.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात. यजमानांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घेतला तर आठवड्यातून दोन-तीन दिवस गाडी घेऊन फिरता येईल. बेट गोव्याच्या निम्म्याहून थोडेच मोठे आहे, त्यामुळे शामारेलची सातरंगी माती, ले मॉर्नचा डोंगर आणि गंगा तलाव हे सगळे त्रू ओ बिशला मुक्काम ठेवूनच पाहून होते. मुक्काम बदलण्याच्या मोहात पडू नका. पाच माणसांच्या बॅगा भरणे आणि उघडणे यांतच प्रत्येक वेळी एक दिवस जातो. फिरण्याचे दिवस कोणते आणि कुठले हे ठरवण्याचे काम मुलीकडे सोपवा, म्हणजे बाली हुकल्याचे दुःख थोडे हलके होईल. मेमध्ये तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आपल्यापेक्षा तासभर आधी, म्हणून समुद्र सकाळचा आणि बाजार दुपारनंतरचा असा दिवस लावावा.

पाण्याविषयी दोन सूचना. प्रवाळाच्या उथळ पाण्यात काटेरी सी-अर्चिन असतात, आणि क्वचित दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिशही असतो, म्हणून प्रत्येकाने रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घालूनच उतरावे; हे बूट इथूनच मापाने घ्या. आणि प्रवाळभिंतीला जिथे खिंड असते तिथून ओहोटीचे पाणी वेगाने बाहेर जाते, तेव्हा अशा खिंडीच्या आसपास पोहू नये. मुलाला आतापासून एखाद्या तलावावर पोहायला घाला. दोन महिन्यांत तो पट्टीचा पोहणारा होणार नाही, पण नाकात पाणी गेले की घाबरायचे नाही एवढे शिकेल, आणि तेवढ्याने तुमचाही जीव भांड्यात पडेल.

विमानाचे भाडे फारच चढे निघाले तर दुसरा पर्याय श्रीलंकेचा ठेवा, पण तिथेही किनारा उलटा निवडा. सर्वांच्या तोंडी असलेले बेंटोटा आणि मिरिस्सा मे महिन्यात आपल्यासारख्याच नैऋत्य वाऱ्यात सापडतात, तर पूर्वेचे त्रिंकोमाली त्याच दिवसांत शांत होते. उप्पुवेली आणि निलावेलीचे पाणी मुलांना झेपेल असे आहे, तमिळ वस्ती असल्यामुळे इडली-डोसा सहज मिळतो आणि समुद्रावरच्या कड्यावर कोणेश्वराचे देऊळ आहे. ऊन मात्र आपल्यापेक्षा काकणभर जास्तच, आणि कोलंबोहून मोटारीने जवळजवळ सहा तास लागतात. सासूबाईंच्या गुडघ्यांना तो रस्ता विचारूनच निर्णय घ्यावा.

तुमच्या पत्रातील एक वाक्य मी दोनदा वाचले. पासपोर्ट चार वर्षांपूर्वी एकदमच काढले, असे तुम्ही लिहिता; लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, आणि प्रवासाच्या वेळी तो आणखी सहा महिने तरी चालणारा असावा असा सर्वसाधारण दंडक आहे. दोन्ही मुलांच्या पासपोर्टवरील तारीख आजच पाहा आणि गरज असल्यास तिकिटांच्या आधी त्यांच्या नूतनीकरणाचा अर्ज करा, कारण नव्या पासपोर्टचा क्रमांक बदलतो. प्रवासविमा घेताना सासूबाईंचे जुने आजार लपवू नका. आधीपासूनचे आजार धरणारी पॉलिसी थोडी महाग असते, पण आजार न सांगता घेतलेली पॉलिसी नेमक्या गरजेच्या वेळी उपयोगी पडत नाही. त्यांची रोजची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ वेष्टनात हातातल्या बॅगेत ठेवा.

राहिल्या तारखा. मेच्या पहिल्या आठवड्यात निघून २५ तारखेच्या आत परत यावे, असे मी सुचवतो. पाऊस लागण्यापूर्वी पुरुमेंताची म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची खरेदी उरकायला, सोलां (आमसुले) वाळवायला आणि मुलांच्या शाळेची तयारी करायला आठवडाभर हाताशी राहील. मानकुरादाचा भावही तोपर्यंत उतरलेला असतो.